आधी दार मोजा : नाताळच्या आगगाडीभोवतीचं गाव निवडताना

दुकानात छोटं घर हातात घेतलं की नजर आधी छपरावरच्या बर्फाकडे जाते, मग खिडकीतल्या पिवळ्या उजेडाकडे. घर नुसतं कपाटावर मांडायचं असेल तर तेवढं पुरे. त्याच्या शेजारून नाताळच्या झाडाभोवती फिरणारी खेळण्यातली आगगाडी जाणार असेल, तर खिशातून पट्टी काढा आणि दाराची उंची मोजा. खोक्यावर प्रमाण छापलेलं असलं तरी मोजा; बऱ्याच खोक्यांवर ते नसतंच.

दिवाळीच्या किल्ल्यात महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा दुप्पट उंच असते आणि कोणाची हरकत नसते, कारण तिथे सगळं स्थिर असतं. आगगाडी मात्र दर अर्ध्या मिनिटाला त्याच दारासमोरून जाते. डब्याचं दार आणि घराचं दार शेजारी आले की डोळा आपोआप तुलना करतो.

खरं दार साधारण २ मीटर उंच धरा. ओ, एस, एचओ, जी ही छोट्या आगगाड्यांच्या मापांची नावं, त्यांनाच गेज म्हणतात; १:४८ म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं. ओ गेजच्या १:४८ प्रमाणात ते ४२ मिलिमीटर होतं, एस गेजच्या १:६४ मध्ये ३१, एचओच्या १:८७ मध्ये २३, आणि बागेत चालणाऱ्या मोठ्या जी गेजच्या १:२२.५ मध्ये जवळजवळ ९० मिलिमीटर. बाजारातल्या चिनी मातीच्या नाताळी घरांची दारं बहुधा ३० ते ४० मिलिमीटरच्या आसपास असतात, म्हणजे एस आणि ओ यांच्या मधे. एकाच मालिकेत, कधी एकाच इमारतीत, प्रमाण बदलतं: चर्चचं दार बुटकं आणि मनोरा आणखीच आखूड, कारण तो खऱ्या प्रमाणात केला तर खोक्यात मावणार नाही. सोबत मिळणारी माणसं तर हमखास मोठी असतात. दारात उभी केली तर चौकटीला डोकं लागेल अशी. त्यांना दारापासून लांब, पुढच्या कडेला उभं करा.

म्हणून या घरांशी सगळ्यात चांगली जुळते ती लायोनेलसारख्या कंपनीची ओ गेजची गाडी, त्यातही नवशिक्यांसाठीच्या सुरुवातीच्या संचातली. त्या संचांतले डबे बहुधा खऱ्या १:४८ पेक्षा थोडे लहान केलेले असतात. दुसरा जुळणारा पर्याय बाखमन कंपनीचा ओएन३०. यातली गाडी १:४८ ची, पण डोंगरातल्या अरुंद रेल्वेची, म्हणून ती एचओच्याच १६.५ मिलिमीटर रुळांवर धावते आणि कमी जागेत वळते. १९९८मध्ये ती बाजारात आली तेव्हा नाताळची गावं मांडणारेच डोळ्यांसमोर होते. एचओ गाडीशेजारी चिनी मातीचं घर ठेवलं तर घर राजवाडा वाटतं आणि गाडी खेळण्यातली. जी गेजचं उलट: डब्याचं छप्पर घराच्या छपराला टेकायला येतं. एचओ असेल तर जर्मनीच्या फालरसारख्या कंपन्यांचे प्लॅस्टिकचे जोडायचे संच घ्या. तिथे प्रमाण छापलेलं असतं.

आता घरांचे प्रकार. डिपार्टमेंट ५६ या अमेरिकी कंपनीने १९७६मध्ये सहा चिनी मातीच्या घरांपासून ‘स्नो व्हिलेज’ सुरू केलं. ती चकाकत्या झिलईची. कादंबरीकार डिकन्सच्या नावाची १९८४ची मालिका मात्र बिनचकाकीची, व्हिक्टोरियन लंडनच्या धाटणीची. या दोन्ही शेजारी मांडल्या तर खटकतं: झिलई बल्बचा उजेड परतवते, दुसरं घर तो पिऊन टाकतं. एकच निवडा. लेमॅक्स या दुसऱ्या कंपनीची घरं साधारण त्याच मापाची. घेताना आत बल्ब आहे, अडॅप्टरवर चालणारे दिवे आहेत की बॅटरी, ते बघून घ्या. चिनी मातीच्या घरांची मागची बाजू बहुधा ओबडधोबड असते, बल्बचं भोकही तिथेच किंवा तळाला. भिंतीलगत मांडणी असेल तर चालतं. झाडाभोवती चारी बाजूंनी बघणार असतील तर घर फिरवून पाठ बघा आणि मगच घ्या.

बाखमनचं प्लॅस्टिकव्हिल हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, चापून बसवायच्या तुकड्यांचा प्रकार. हलकी, स्वस्त, आणि जुन्या लायोनेल गाड्यांशी शोभणारी घरं. दोष एकच: आत दिवा लावला की भिंतीच कंदिलासारख्या उजळतात. आतून काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या, मग उजेड फक्त खिडकीतून येतो. तापणारा बल्ब आत ठेवला तर छप्पर वाकतं, इथे फक्त एलईडी.

तिसरा प्रकार पुठ्ठ्याच्या घरांचा, ‘पुट्झ’. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची नाताळची मांडणी म्हणजे पुट्झ; शब्द जर्मन, अर्थ सजवणं. १९२० च्या दशकाच्या शेवटी आणि १९३०च्या दशकात अशी चमकी लावलेली घरं जपानहून अमेरिकेत जायची: खिडक्यांना रंगीत सेलोफेन, अंगणात रंगवलेल्या लूफाची झुडपं. लूफा म्हणजे वाळलेल्या घोसाळ्याची जाळीच. ही घरं जेमतेम हातभर जागेत पाच-सहा मावतात, आणि लहान वर्तुळाच्या आत घालायला हीच सर्वांत सोयीची.

आत किती जागा असते, याचा हिशेब बहुतेक जण घरं आणल्यावर करतात. लायोनेलच्या फास्टट्रॅक या तीन पट्ट्यांच्या, जोडायच्या रुळांमध्ये ओ३६ मापाची आठ वळणं जोडली की मधल्या रुळापासून मधल्या रुळापर्यंत ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ होतं. डब्याची निम्मी रुंदी, वळणावर आत येणारं पोट आणि थोडी मोकळीक मिळून प्रत्येक बाजूने ७ सेंटिमीटर सोडा. उरले ७७. झाडाचं स्टँड ४५ सेंटिमीटरचं असेल, तर स्टँड आणि गाडी यांच्यात १६ सेंटिमीटरचा पट्टा उरतो. १५ सेंटिमीटर खोल, २० रुंद घर तिथे बसेल असं वाटतं. बसत नाही. वर्तुळात कोपरे बाहेर पडतात: स्टँडला पाठ टेकवली तरी पुढचे कोपरे केंद्रापासून ३८.८ सेंटिमीटरवर जातात आणि मर्यादा आहे ३८.५. गाडी कोपऱ्याला घासणार. १३ खोल, १८ रुंद घर मात्र आरामात मावतं. मोठी घरं हवी असतील तर दोन्ही बाजूंना दहा-दहा इंचांचे दोन सरळ रूळ घाला. मांडणी ४० गुणिले ६० इंचांची होते आणि लांबीच्या टोकांना खरी जागा मिळते.

कागदावरचा हिशेब झाला तरी घर चिकटवण्याआधी गाडी फिरवून बघा. वळणावर लांब डब्याचं पोट आत येतं, इंजिनाचं नाक बाहेर जातं, त्यामुळे दोन्ही बाजू तपासायच्या. एक पुठ्ठ्याचा खोका घराच्या जागी ठेवा, सर्वांत लांब डबा हाताने हळूहळू ढकलत न्या, खोका डब्याला टेकेपर्यंत पुढे सरकवा, मग १ सेंटिमीटर मागे घ्या आणि पेन्सिलीने खूण करा. मग हेच इंजिनासाठी. पूर्ण वेगात गाडी जास्त झुलते, म्हणून तो एक सेंटिमीटर कंजूषपणाने खाऊ नका.

फास्टट्रॅकला खालचा खडीचा पाया जोडलेलाच असतो, साधारण २ सेंटिमीटर जाडीचा. घर थेट टेबलावर ठेवलं तर दाराचा उंबरठा रुळाच्या खाली जातो आणि गाव खड्ड्यात बसल्यासारखं दिसतं. घरांखाली २ सेंटिमीटरची फोम शीट घाला. दाण्यांचं पांढरं थर्माकोल कापलं की दाणे सगळीकडे चिकटतात, घट्ट निळी किंवा गुलाबी शीट बरी. वायरसाठी तळात खाच कापा, बल्बसाठी भोक पाडा. तीव्र वासाचे गोंद फोम खातात आणि खूप तापलेला हॉट ग्लू तो वितळवतो. नमुन्याच्या तुकड्यावर आधी करून बघा.

गाव दूरवर पसरल्यासारखं दाखवायचं असेल तर मोठ्या दारांची घरं पुढे, लहान दारांची मागे आणि थोडी उंचावर. मागे ३० मिलिमीटर, पुढे ४०, एवढा फरक पुरतो. उंच मनोऱ्याचं चर्च मागच्या टेकाडावर. उलटं मांडलं तर मागचं घर पुढच्यांवर कोसळल्यासारखं वाटतं.

पहिल्या वर्षी पाच इमारती: स्टेशन, चर्च, एक दुकान, दोन घरं. स्टेशन नसेल तर गाडी इथे का आली, हे गाव सांगत नाही. काळही एकच ठेवा. डिकन्सच्या लंडनमधून डिझेल इंजिन गेलं की खोटेपणा उघडा पडतो, वाफेचं इंजिन चालतं. एका छपरावर बर्फाचा थर आणि शेजारचं कोरडं, असंही नको.

दिव्यांची जोडणी रुळावरून कधीच घेऊ नका. गाडीचा वेग बदलला की गावातले दिवे मंद-प्रखर होतात. घरांना वेगळा पुरवठा द्या. ७ वॅटचे जुने बल्ब १२ घरांत असतील तर ८४ वॅट होतात आणि कापसाच्या बर्फाशेजारी ती उष्णता धोक्याची. उबदार पांढरे, २७०० केल्विनचे एलईडी लावा.

अमेरिकेतून घरं भारतात आणणाऱ्यांनी एक गोष्ट नीट वाचावी. तिथली बल्बची घरं आणि गाडीचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे. पिन बदलणारा अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. २३० व्होल्टवर बल्ब फुटतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. अडॅप्टरवर १००-२४० लिहिलेलं असेल तरच थेट लावा. नाहीतर पुरेशा वॅटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा घराला २३० व्होल्टचा एलईडी बल्ब आणि होल्डर बसवा.

बर्फात सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात. सुटे प्लॅस्टिकचे कण आणि कापसाचे तंतू आसाला गुंडाळले जातात आणि मोटारीत शिरतात. धातूची चमकती झिरमिळी रुळांवर पडली तर शॉर्टसर्किट. बर्फाची चादर रुळाच्या पायापासून ३ सेंटिमीटर लांब कापा, सुटा बर्फ फक्त छपरांवर आणि झाडांखाली. गालिच्यावर रूळ टाकू नका, खाली प्लायवूड हवं. माणसं आणि झाडं ब्लू-टॅकने, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने, बसवा, नाहीतर कंपनाने तासाभरात रुळाकडे सरकतात.

जुनं चिनी मातीचं घर घेताना बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. धुरांड्याचं टोक, पायऱ्यांची कड आणि कुंपणाचे खांब इथे टवके उडालेले असतात, बोट फिरवून बघा. पुठ्ठ्याचं घर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, मऊ ब्रशने धूळ झटकायची. मूळ खोक्यातला थर्माकोलचा साचा मिळाला तर तो घराइतकाच जपा. आवरताना बल्ब काढून वेगळे ठेवा. खोका कुठेतरी आपटलाच, तर फुटलेल्या काचेचे ओरखडे तरी झिलईवर उठणार नाहीत.