दहावीनंतर पोरांना कशासाठी तयार करायचं? काही कामाच्या गोष्टी

निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न, आता कशाला स्कोप आहे? खरं सांगू, सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. बारावीनंतरच्या डीएडची लाट आठवा, दोन वर्षं काढली की झेडपीची नोकरी पक्की असं सगळे म्हणायचे, डोनेशन भरून ॲडमिशन घेतल्या लोकांनी आणि २०१२ नंतर शिक्षक भरतीच कितीतरी वर्षं अडकली.

म्हणून कोर्स बघताना आधी बघा की त्यातून पुढे कुठेकुठे वळता येतं. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केला तर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि मधेच पैशांची अडचण आली तर नोकरीही धरता येते. अकरावी सायन्सला उगाच गणित सोडू नका, बायो आवडत असेल तर दोन्ही ठेवा.

सुट्टीत क्लासऐवजी एक खरं काम द्या. ओळखीच्या किराणावाल्याची महिनाभराची उधारी एक्सेलमधे टाकायला सांगा: नाव, तारीख, रक्कम, जमा. बेरीज वहीशी जुळली नाही की पोरगं स्वतःच चूक शोधत बसतं, आणि हे शोधणंच शिकवायचंय, एक्सेल काय, उद्या दुसरं काहीतरी येईल. चॅटजीपीटी वापरू द्या की, पण आधी फॉर्म्युला स्वतः करून बघायचा, मग विचारायचं, आणि त्याने दिलेलं उत्तर कॅल्क्युलेटरवर तपासायचं.

इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला हजारो रुपये घालण्याआधी घरातल्या मिक्सरचं नाहीतर विहिरीवरच्या मोटरचं इंग्रजी माहितीपत्रक वाचून आजीला मराठीत समजावून सांगायला लावा. आजी प्रश्न विचारतेच 😄

अप्रेंटिसशिपबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही, कायदा १९६१ चा आहे, काम शिकताना स्टायपेंड मिळतो. जवळच्या एमआयडीसीत कुठल्या कंपन्या घेतात ते आयटीआयमधे जाऊन विचारा, आपला पोरगा तिथे शिकत नसला तरी.

आणि एमपीएससी करायचीच असेल तर जरूर करा, पण किती अटेम्प्ट आणि त्यानंतर काय हे पुण्याची गाडी पकडायच्या आधी आईबापांसमोर कागदावर लिहून ठेवायचं, कारण दोन मार्कांनी प्रीलिम हुकल्यावर असा निर्णय कुणालाच घेता येत नाही.