अलेप्पोच्या नोंदवहीतली मुलगी: आर्मेनियन वंशसंहारातून बचावलेल्यांची साक्ष कशी वाचायची

१९२२ ते १९३० या काळात सीरियातल्या अलेप्पो शहरात राष्ट्रसंघाचं (लीग ऑफ नेशन्सचं) एक आश्रयगृह चालू होतं. कारेन येप्पे या डॅनिश बाई ते चालवत. १९१५ मध्ये ऑटोमन तुर्की सरकारने केलेल्या आर्मेनियनांच्या हद्दपारीत घरच्यांपासून तुटलेल्या, कुर्द, अरब किंवा तुर्क घरांत वाढलेल्या, विकल्या गेलेल्या मुली आणि मुलगे पळून इथे पोचत. आल्या दिवशी वहीत नोंद होई: अनुक्रमांक, फोटो, नाव, आईबापांची नावं, गाव, वय, दाखल झाल्याची तारीख, काही ओळींत हकिकत, आणि नंतर भरलेला रकाना, इथून पुढे कुठे गेली. सुमारे दीड हजार नोंदी आज जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या दप्तरात आहेत आणि त्यांचे स्कॅन घरबसल्या बघता येतात. पन्नास वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणींपेक्षा सुरुवात इथून करावी, कारण माणूस अजून धुळीत उभा असताना हे लिहिलं गेलंय.

एका नोंदीला निवांत दोन तास द्या. सोबत तीन गोष्टी लागतात: १९१४ च्या ऑटोमन विलायतांचा (प्रांतांचा) नकाशा, आजच्या तुर्कस्तान-सीरियाचा नकाशा आणि कोरी वही. आधी नोंद जशीच्या तशी उतरवून घ्या, स्पेलिंगच्या चुकांसकट. चूक वाटलेली गोष्ट लगेच दुरुस्त केली की पुरावा गेला. कारकुनाने ऐकलेलं नाव आणि मुलीने सांगितलेलं नाव यांतलं अंतर बहुतेक वेळा त्या चुकीतच सापडतं.

नाव आणि गाव

पश्चिम आर्मेनियन उच्चारात ब-प, ग-क, द-त यांची अदलाबदल होते. त्यामुळे बेद्रोस आणि पेत्रोस, गाराबेद आणि कारापेत, दिक्रान आणि तिग्रान ही एकाच नावाची दोन रूपं आहेत. शोध घेताना दोन्ही तपासा. आडनावाचं ‘-यान’ गळलेलं असू शकतं किंवा त्या जागी तुर्की ‘-ओग्लू’ आलेलं असू शकतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना आडनाव आठवतच नाही. बापाचा धंदा मात्र आठवतो, आणि नालबंदियन किंवा तेर्झियन (शिंपी) अशी धंद्यावरून पडलेली आडनावं इतकी आहेत की तेवढ्यावरून नातेवाईक शोधणं शक्य व्हायचं. आर्मेनियन नावाशेजारी फातमा किंवा आयशा दिसलं तर ती दुसरी मुलगी समजू नका. ते त्या घरात मिळालेलं नाव.

गावांची नावं जास्त घोळ घालतात. खारपेर्त, खारपूत (हार्पूत), मामुरेत-उल-अझीझ ही नावं कधी शहराला, कधी विलायतीला लागतात, आणि आजच्या नकाशावर शेजारचं मोठं शहर एलाझिग आहे. आइन्ताब म्हणजे गाझीआनतेप, मराश म्हणजे काहरामानमराश, गारीन म्हणजे एर्झुरूम, झेयतून म्हणजे सुलेमानली, हाजिन म्हणजे सैम्बेयली. मुलीने जवळच्या मोठ्या शहराचं नाव सांगितलं असेल आणि तिचं खेडं दोन दिवसांच्या वाटेवर असेल, हेही धरून चाला.

तारखा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. तेव्हा तीन पंचांगं एकत्र चालत. सरकारी कागदांवर रुमी सन: रुमी १३३१ हे वर्ष १४ मार्च १९१५ ला सुरू झालं. आर्मेनियन चर्चचं जुनं ज्युलियन पंचांग विसाव्या शतकात १३ दिवस मागे होतं आणि ते १९२३ मध्ये बदललं. मिशनरी आणि राष्ट्रसंघाचे कर्मचारी आपलं नेहमीचं ग्रेगोरियन वापरत. इस्तंबूलमध्ये आर्मेनियन पुढाऱ्यांची, लेखकांची धरपकड झाली ती २४ एप्रिल १९१५ ही तारीख चर्चच्या हिशेबाने ११ एप्रिल, आणि सरकारी हिशेबाने ११ निसान १३३१. दोन साक्षींत तेरा दिवसांचा फरक दिसला की कोणी खोटं बोलतंय असं म्हणण्याआधी पंचांग तपासा.

मुलं तारखा सांगतच नाहीत, सण सांगतात. त्यांचं गणित बसवता येतं. १९१५ चा ईस्टर दोन्ही पंचांगांनी ४ एप्रिललाच आला. एकमेकांवर पाणी उडवायचा वारदावार हा सण ईस्टरनंतर ९८ दिवसांनी, म्हणजे त्या वर्षी ११ जुलैला. द्राक्षांना आशीर्वाद देण्याचा रविवार जुन्या पंचांगाने ऑगस्टच्या अगदी शेवटी. ‘सेफेरबर्लिक’ म्हणजे ऑगस्ट १९१४ ची सैन्यभरती, तेव्हापासून घरातले पुरुष जायला लागले. हे खिळे ठोकून घेतले की बाकीचं त्यांवर टांगता येतं. खारपूत भागातून काफिले जुलै १९१५ मध्ये निघाले, त्यामुळे तिथली मुलगी वारदावारच्या आसपास निघालो म्हणत असेल तर तिचं बरोबर आहे. आइन्ताबची मुलगी ईस्टरला निघालो म्हणत असेल तर काहीतरी सुटलंय, कारण तिथली हद्दपारी जुलैच्या अखेरीस सुरू झाली. अशा वेळी ती कदाचित झेयतूनहून येणारे लोक पाहिल्याचं सांगत असते. ते एप्रिलपासून हाकलले जात होते.

वयाचा हिशेब उलटा करा. समजा नोंद म्हणते: खारपूतजवळचं खेडं, वय २०, दाखल १९२५, ‘दहा वर्षं एका घरात’. म्हणजे १९१५ ला ती दहाची. आता हकिकतीत दोनदा विकल्याचा उल्लेख असेल तर ‘एका घरात दहा वर्षं’ बसत नाही. दहा हा गोळाबेरीज आकडा आहे, वर्षं दोन-तीन घरांत वाटलेली असणार. वयाला दोन्ही बाजूंनी दोन वर्षांची मोकळीक ठेवाच. वाढीच्या वयात उपाशी राहिलेलं मूल लहान दिसतं, आणि कारकून बऱ्याचदा बघून वय लिहितो.

वाट

लहान मुलांच्या साक्षीत दिवस चुकतात, पण ठिकाणांचा क्रम सहसा चुकत नाही. नदी, पूल, डोंगर, स्टेशन लक्षात राहतात. म्हणून नकाशावर पेन्सिलने वाट काढा. पूर्वेकडच्या प्रांतांतले काफिले पायी गेले. खारपूतहून मालात्या, फिरिन्जिलार, काहताचे डोंगर, सामसातजवळ युफ्रेटिस ओलांडून उर्फा किंवा विरानशेहिर, तिथून रास-उल-ऐन ही एक ठरलेली वाट होती. पश्चिमेकडचे लोक बगदाद रेल्वेच्या डब्यांत कोंबून आणले, पण तोरोस आणि अमानोस डोंगरांतले बोगदे अपूर्ण असल्याने पोझान्ती आणि उस्मानियेजवळ उतरवून चालवले गेले. खारपूतची मुलगी रेल्वेने आलो म्हणाली तर थांबा. तो प्रवास बहुधा पुढचा, रास-उल-ऐनपासूनचा. अलेप्पोपर्यंत पोचलेल्यांना पुढे युफ्रेटिसच्या काठाने मेस्केने, रक्का, देर-एझ-झोरकडे ढकललं गेलं. रास-उल-ऐनच्या छावणीतली कत्तल १९१६ च्या वसंतातली आणि देर-एझ-झोरची त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली, म्हणून कोण कुठल्या महिन्यात कुठे होतं यावर जगणं-मरणं अवलंबून होतं.

रास-उल-ऐनपाशी मराठी वाचकाने जरा थांबावं. २९ एप्रिल १९१६ ला इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे ऑटोमनांना शरण आलेल्या ब्रिटिश हिंदी फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तिथल्या हिंदी कैद्यांना वाळवंटातून चालवत रास-उल-ऐनला रेल्वेच्या कामावर आणलं गेलं, आर्मेनियनांच्या कत्तलीनंतर काही महिन्यांतच. बंगाली रुग्णसेवक पथकातल्या एकाने या भागातल्या आर्मेनियनांबद्दल बंगालीत लिहून ठेवलंय. मराठीत असं काही कोणाच्या घरच्या पत्रांत असेल तर ते बाहेर यायला हवं.

क्रियापदं मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मुलीत काय बदल झाला हे इथेच कळतं. नोंदीतल्या क्रियापदांना दोन रंगांत खुणा करा. ‘नेलं, घेतलं, विकलं, लग्न लावलं’ एका रंगात. ‘लपले, ऐकलं, पळाले, विचारलं’ दुसऱ्या. पहिला रंग पानभर असतो, दुसरा शेवटच्या दोन ओळींत. त्या दोन ओळींवर वेळ घालवा: बातमी कुठून कळली, कोणी वाट दाखवली, किती चालली, सोबत कोण होतं. येप्पे यांची माणसं आणि ठाणी वाळवंटाच्या वाटांवर होती, काही बेदुइन (भटक्या अरब) शेखांशी त्यांचे चांगले संबंध होते. ‘ऐकलं’ या शब्दामागे हे सगळं जाळं आहे. निव्वळ हिंमत म्हणून सोडून देऊ नका.

जे लिहिलेलं नाही तेही पाहा. ‘लग्न’ या शब्दाखाली काय काय झाकलंय हे वयाच्या हिशेबावरून उघड होतं. त्या घरात झालेली मुलं नोंदीत क्वचित येतात. पळताना कित्येकींना ती मागे ठेवावी लागली. फोटोत हनुवटीवर, ओठांखाली निळं गोंदण दिसलं तर ती बेदुइन घरातली रीत. आर्मेनियन समाजात परतल्यावर हेच गोंदण जन्मभर लोकांच्या नजरेत राहिलं. गोंदणाला फक्त जुलमाची खूण म्हणून मथळा देणारे लेख पुष्कळ आहेत; नोंदीत ती मुलगी त्याबद्दल काही म्हणत नसेल तर आपणही तिच्या तोंडी काही घालू नये.

मुलग्यांच्या बाबतीत लेबनॉनमधलं अन्तूरा ध्यानात ठेवा. त्या भागातला ऑटोमन सेनापती जेमाल पाशा याने तिथल्या कॉलेजात अनाथालय काढलं. तिथे सुमारे हजार आर्मेनियन आणि कुर्द मुलांना तुर्की नावं आणि नंबर दिले, आर्मेनियन बोलल्यास मार होता. तिथून आलेल्या मुलाच्या साक्षीत स्वतःचं नाव विसरल्याचा उल्लेख आला तर तो अलंकार समजू नका.

छापील आणि चित्रित साक्षी

आता उलट टोकाचं उदाहरण. अरोरा मार्दिगानियन १९०१ मध्ये खारपूत विलायतीतल्या चमश्कादझाग इथे जन्मली, मूळ नाव अर्शालुइस. आईबाप, भावंडं गमावून, अनेकदा पकडली जाऊन ती एर्झुरूम, तिफ्लिसमार्गे १९१७ मध्ये न्यूयॉर्कला पोचली. वर्षभरात तिची हकिकत पुस्तकरूपात आली आणि १९१९ च्या मूकपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. मदतनिधी उभा करणं हा त्या साऱ्याचा उघड हेतू होता, आणि निधी जमलाही. पण ही साक्ष नोंदवहीसारखी वाचली तर फसाल. तिला इंग्रजी येत नव्हतं. दुभाष्याने सांगितलं, एका अमेरिकन लेखकाने अमेरिकन वाचकाच्या चवीने लिहिलं, मग स्टुडिओने प्रेक्षकाच्या सोसण्यापुरतं बदललं. क्रूसावर खिळलेल्या मुलींचं गाजलेलं दृश्य प्रत्यक्षात तसं घडलं नव्हतं, घडलेलं याहून भयानक होतं, असं तिनेच उतारवयात सांगितलं. चित्रीकरणात तिचा घोटा मोडला तरी काम थांबलं नाही. पुढे दौऱ्यांनी ती कोसळली तेव्हा तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुली तिच्या जागी उभ्या केल्या. १९९४ मध्ये ती लॉस एंजेलिसला वारली. तेव्हा अशा पुस्तकाच्या समासात प्रत्येक पानावर एकच प्रश्न लिहा: हे कोणाचं वाक्य आहे? गावं, नद्या, माणसांची नावं बहुधा तिची. लांबलचक संवाद आणि उपमा बहुधा लेखकाच्या.

चित्रित मुलाखतींचा मोठा साठा मायकेल हागोपियन यांनी १९७२ पासून जमवला, जवळजवळ चारशे, आणि तो आता दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शोआ फाउंडेशनकडे आहे. तो फिल्मवर आहे, आणि फिल्मचं रीळ काही मिनिटांत संपतं. माणूस ऐन मोक्याला थांबतो आणि पुढचं वाक्य वेगळ्याच ठिकाणी सुरू होतं, ते कित्येकदा रीळ बदलल्यामुळे. प्रत्येक खंड भावनेचा नसतो. पहिल्यांदा उपशीर्षकं झाकून नुसतं ऐका. आर्मेनियन बोलता बोलता माणूस तुर्कीत शिरतो ती जागा टिपा. अनेकदा ते शब्द जसेच्या तसे आठवलेले हुकूम असतात.

मराठीत सारांश लिहिताना एका पानात बसवा. वर तुमचा हिशेब (गाव, अंदाजे जन्मवर्ष, वाट, घरं, दाखल तारीख), खाली तिचे शब्द अवतरणात, आणि दोन्हींची सरमिसळ नको. फोटो हकिकतीसह समाजमाध्यमांवर टाकू नका. ज्यांची नातवंडं आज हयात आहेत अशा बायकांच्या ‘लग्नां’ची ती कहाणी आहे.

शेवटचा रकाना सोडू नका. नातेवाईक सापडले, काम मिळालं, लग्न झालं, यांपैकी काहीतरी तिथे असतं. लग्न असेल तर यापुढे शोध नवऱ्याच्या आडनावाने घ्यायचा: अलेप्पो आणि बैरूतच्या चर्चच्या वह्या, मार्सेयला उतरलेल्यांची कागदपत्रं, १९२४ पासून आर्मेनियनांनाही मिळू लागलेली नान्सेन प्रमाणपत्रं (देश नसलेल्या निर्वासितांची प्रवासाची कागदपत्रं). सोव्हिएत आर्मेनियाला गेली असेल तर नावाचं पूर्वेकडचं रूप धरा, बेद्रोसची मुलगी तिथे पेत्रोसची झालेली असते.