नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज टाकावी की नवीच ठेवावी? निर्णय असा घ्या

नवा लॅपटॉप सुरू केला की पहिल्या तासाभरातच बऱ्याच जणांची चिडचिड होते. स्टार्टचं बटण मधोमध सरकलेलं असतं, राइट क्लिकच्या यादीतले रोजचे पर्याय आणखी एका यादीमागे दडलेले असतात, एखादी साधी सेटिंग शोधायला दहा मिनिटं जातात. मग वाटतं, यावर आपली सवयीची जुनी विंडोज टाकून घ्यावी आणि मोकळं व्हावं.

हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. हातात बसलेलं साधन सोडवत नाही. पण बहुतेक जण आधी सवय पाहतात आणि मग अडचणी आल्या की तारखा (सुरक्षा-दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ती मुदत) आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजला ओळखू देणारे छोटे प्रोग्राम) यांच्याकडे वळतात. मी सांगेन की क्रम उलटा ठेवा: आधी तारीख, मग ड्रायव्हर, मग अडून राहिलेलं एखादं सॉफ्टवेअर आणि सगळ्यात शेवटी आवड. या क्रमाने गेलात तर लॅपटॉप पुसून पुन्हा भरण्याचा उपद्व्याप बहुतेक वेळा टळतो.

पायरी १ : 'जुनी' म्हणजे नेमकी कोणती, ते ठरवा

'जुनी' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, आधीची पिढी, म्हणजे विंडोज ११ ऐवजी १० किंवा ७. दुसरी, त्याच पिढीतली आधीची आवृत्ती, उदाहरणार्थ विंडोज ११ ची २५एच२ न घेता २४एच२ वरच थांबणं. तिसरी, लिनक्ससारख्या ठिकाणी जाणूनबुजून ठेवलेली दीर्घ मुदतीची आवृत्ती. पहिलीत धोका मोठा आहे, दुसरीत किरकोळ, आणि तिसरी तर कित्येकदा शहाणपणाचीच असते. आपल्याकडे सध्या काय आहे ते पाहायला सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्याखाली 'अबाउट' उघडा. तिथे विंडोजची आवृत्ती, होम आहे की प्रो, प्रोसेसरचं नाव आणि मेमरी हे सगळं दिसतं. हे कागदावर टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २ : तारखा पाहा

ऑपरेटिंग सिस्टीमला 'सपोर्ट' आहे, याचा अर्थ तिच्यात सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी दर महिन्याला बुजवल्या जातात. विंडोज ७ चा हा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० साठी एक वर्षाची वाढीव सुरक्षा-योजना घेता येते, पण मूळ योजनेची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच होती आणि त्यात नवी सुविधा काही मिळत नाही. जुन्या संगणकाला नवा पर्याय शोधेपर्यंत तग धरता यावी, एवढाच तिचा हेतू. नवा लॅपटॉप माणूस पाच-सहा वर्षं तरी वापरतो. त्यावर मुदतवाढीवर चाललेली सिस्टीम बसवणं मला पटत नाही.

आधार नसल्यावर काय होतं, याचं उदाहरण फार जुनं नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं. ज्या त्रुटीतून ते शिरलं तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोनच महिने आधी, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्येच संपला होता, त्यामुळे तिच्यासाठी हल्ल्यानंतर खास अपवाद करून दुरुस्ती काढावी लागली. असा अपवाद प्रत्येक वेळी होईल, यावर कुणी विसंबून राहू नये.

ब्राउझरही हळूहळू साथ सोडतात. क्रोमची १०९ वी आवृत्ती ही विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. बँकेचे व्यवहार, ईमेल, मुलांचा अभ्यास हे सगळं ब्राउझरमधूनच चालत असेल, तर ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही.

विंडोज ११ मध्येही तारखा असतातच. होम आणि प्रोच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिने आधार मिळतो. म्हणून एकाच आवृत्तीवर वर्षानुवर्षं बसून राहता येत नाही. मात्र नवी आवृत्ती आली त्याच आठवड्यात धावायचीही गरज नसते. महिना-दोन महिने थांबून, इतरांना आलेल्या अडचणी सुटल्या की घ्यावी, असं माझं मत आहे. मासिक सुरक्षा-दुरुस्त्या मात्र अडवू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक दोन्ही एकत्र बंद करून ठेवतात.

पायरी ३ : ड्रायव्हरची चौकशी करा

बहुतेक बेत इथेच फसतात. ऑपरेटिंग सिस्टीमला आपल्या काळातली यंत्रं ओळखता येतात, नंतर जन्मलेली नाही. मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर, आणि तो यंत्र बनवणाऱ्याने त्या सिस्टीमसाठी लिहिलेला असावा लागतो.

विंडोज ७ घ्या. ती २००९ ची. तिच्यात यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नाहीतच. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लावून इन्स्टॉलेशन सुरू केलं, तर पहिला पडदा येतो, पण माउस हलत नाही, टचपॅड निर्जीव असतं आणि थोड्याच वेळात ज्या पेन ड्राइव्हवरून ती सुरू झाली तोच तिला दिसेनासा होतो. हल्लीच्या एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधल्या वेगवान डिस्क, तिला वेगळी दुरुस्ती मिसळल्याशिवाय ओळखता येत नाहीत. नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्राममध्ये, जुन्या पद्धतीने बूट (सुरू) होण्याची सोयही बहुधा उरलेली नसते. खटपटी करून कुणी हे सगळं जमवतं, पण मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिळत नाही आणि पडदा अडखळत राहतो. नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ चा विचार सोडून द्या, असं मी स्पष्टच सांगेन.

विंडोज १० चं प्रकरण अधिक फसवं आहे, कारण ती पुष्कळदा बसते. बसली म्हणजे चालली असं मात्र नाही. इंटेलच्या १२ व्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात: वेगवान आणि कमी वीज खाणारे. कोणतं काम कुणाकडे द्यायचं याची वाटणी विंडोज ११ अधिक नीट करते, कारण ती या रचनेसाठी घडवली आहे. वाय-फाय ६ई चा ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा विंडोज १० वापरतच नाही, म्हणजे लॅपटॉपमध्ये असलेली वस्तू निकामी पडून राहते. आणि लॅपटॉप स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचा असेल, तर नेहमीची विंडोज १० त्यावर बसणारच नाही. तो प्रोसेसर एआरएम जातीचा आहे, म्हणजे त्याची रचना इंटेलच्या प्रोसेसरहून वेगळी आहे.

चौकशी अशी करा. लॅपटॉपच्या तळावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या. मालिकेचं नुसतं नाव पुरत नाही, एकाच नावाखाली चार वेगळी यंत्रं असतात. उत्पादकाच्या सपोर्ट पानावर तो क्रमांक टाका आणि ड्रायव्हरच्या यादीत ऑपरेटिंग सिस्टीम निवडायची जागा शोधा. तिथे तुम्हाला हवी असलेली जुनी सिस्टीम नसेल, तर विचार तिथेच थांबवा. असेल तर चिपसेट, स्टोरेज, वाय-फाय, ग्राफिक्स, आवाज, टचपॅड, कॅमेरा आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र, यांपैकी प्रत्येकाचा ड्रायव्हर आहे का ते एकेक करून पाहा. एखादाच नसला तरी तो नेमका कोणता, याला महत्त्व आहे. ठसा ओळखला नाही तर चालेल. पण झाकण मिटल्यावर लॅपटॉप नीट झोपला नाही आणि पिशवीतच तापून बॅटरी संपली, तर रोजचा जीव खाल्ला जाईल.

पायरी ४ : अडलेलं सॉफ्टवेअर असेल तर

जुन्या विंडोजसाठी अडून बसण्याचं खरं कारण मला एकच पटतं: एखादं असं सॉफ्टवेअर किंवा यंत्र, ज्याच्याशिवाय काम थांबतं. जुना हिशेबाचा प्रोग्राम, डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारं डिझाइनचं पॅकेज, प्रयोगशाळेतलं मोजमापाचं उपकरण, वीस वर्षं साथ देणारा स्कॅनर.

आधी ते विंडोज ११ वर चालवून पाहा. पुष्कळ जुने प्रोग्राम सहज चालतात. अडले तर त्या प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मधला 'कंपॅटिबिलिटी' हा भाग उघडा आणि जुन्या विंडोजचा मोड निवडा. दोन गोष्टींना मात्र इथे उपाय नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, त्यामुळे १६ बिटचे फार जुने प्रोग्राम तिच्यावर थेट चालत नाहीत आणि फक्त ३२ बिटचा ड्रायव्हर असलेलं उपकरण ती स्वीकारत नाही.

अशा वेळी सगळा लॅपटॉप मागे नेऊ नका. जुनी विंडोज आभासी संगणकात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा. व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य मिळतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही आधीच असतं. यात मोठी सोय अशी की आतल्या जुन्या विंडोजला तुमचं नवं यंत्र दिसतच नाही. तिच्यासमोर साधं, तिच्या ओळखीचं आभासी यंत्र उभं केलेलं असतं, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्नच मिटतो. फर्मवेअरमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे याची खात्री करा, लॅपटॉपला १६ जीबी मेमरी असेल तर आतल्या विंडोजला ४ जीबी द्या, सगळं नीट बसलं की एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची, परत जाता येईल अशी जतन केलेली स्थिती) घेऊन ठेवा आणि तिचं इंटरनेट बंद करा. जुन्या विंडोजचा वैध परवाना इथेही लागतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डोंगल किंवा स्कॅनर यूएसबीतून आत जोडता येतो, पण प्रत्येक उपकरण मानेलच असं नाही. जुना संगणक टाकून देण्याआधी हे तपासा.

पायरी ५ : अडचण फक्त सवयीची असेल तर

मग सेटिंग्ज बदला. 'पर्सनलायझेशन', 'टास्कबार' या वाटेने जाऊन स्टार्टचं बटण डावीकडे आणता येतं. राइट क्लिक करताना शिफ्ट दाबून धरलं की जुनी पूर्ण यादी थेट उघडते. पंधरा दिवस प्रामाणिकपणे वापरून पाहा आणि मगच ठरवा.

लिनक्स आणि मॅक

लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा सिस्टीमचा गाभा, जितकं जुनं तितकी नव्या यंत्रांची ओळख कमी. उबुंटू २२.०४ आणि २४.०४ या दोन्ही दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षं मूळ आधार आहे, पण अलीकडच्या लॅपटॉपला दोहोंपैकी २४.०४ किंवा त्यानंतरचीच घ्यावी. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने आधार असतो, नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून 'लाइव्ह', म्हणजे डिस्कवर न बसवता, सुरू करा आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि झोपवून उठवणं, एवढं तिथेच तपासा. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपमधल्या कॅमेऱ्यांनी लिनक्सवर खूप त्रास दिला आहे. मॅकमध्ये निवड मर्यादितच: नवा मॅक ज्या आवृत्तीसह आला, तिच्या मागची त्यावर बसत नाही.

पायरी ६ : तरीही मागे जायचं ठरलं, तर आधी ही तयारी

ड्रायव्हर सगळे मिळाले, कारणही पक्कं आहे, तर पुढे जा. पण लॅपटॉप पुसण्याआधी ही कामं करा.

परवाना पाहा. विंडोज ११ प्रोसह आलेल्या लॅपटॉपवर विंडोज १० प्रो वापरण्याचा हक्क सहसा मिळतो, होमला तो नसतो. लॅपटॉपसोबत आलेली मूळ किल्ली फर्मवेअरमध्ये साठवलेली असते, त्यामुळे पुढे विंडोज ११ पुन्हा बसवली की ती आपोआप ओळखली जाते.

एन्क्रिप्शनची रिकव्हरी की लिहून घ्या. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि फर्मवेअरमध्ये काही बदललं की ४८ आकडी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. ती हाताशी नसेल तर आतला मजकूर परत मिळत नाही. या एका चुकीने लोकांचे वर्षांचे फोटो गेले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर वाय-फाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर उतरवून ठेवा. वाय-फायचा नसेल तर बाकीचे उतरवायला इंटरनेटच मिळणार नाही. स्टोरेजचा नसेल तर इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. तेव्हा घाबरून डिस्क खराब समजू नका. 'लोड ड्रायव्हर' निवडून तो ड्रायव्हर दाखवला की ती यादीत येते.

मूळ सिस्टीम परत आणण्यासाठी किमान १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवा आणि तुमच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. मग त्या रिकव्हरी ड्राइव्हवरून लॅपटॉप एकदा सुरू करून पाहा. पडदा आला की मागे फिरा, काही पुसू नका, ड्राइव्ह काढून त्यावर लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवा. त्यानंतरच इन्स्टॉलेशनला हात लावा.