डायनॅमिक जाहिरातीचा फॉलबॅक लावताना या चुका टाळा

डायनॅमिक बॅनरचं, म्हणजे बघणाऱ्याप्रमाणे मजकूर बदलणाऱ्या जाहिरातीचं काम हातात आलं की नवीन मंडळी आधी फीडमध्ये (जाहिरातीला डेटा पुरवणाऱ्या शीटमध्ये) शंभर रो, म्हणजे ओळी भरतात, मग ॲनिमेशन घासूनपुसून चकचकीत करतात. लाइव्ह जायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी विचारतं, "फॉलबॅकचं काय?" म्हणजे योग्य डेटा मिळाला नाही तर काय दाखवायचं? मग पहिली रो कॉपी करायची, तिच्यात डीफॉल्टच्या कॉलमला 'ट्रू' लिहायचं (झाली डीफॉल्ट रो!) आणि घरी जायचं. हटकलं तर उत्तर ठरलेलं: "डेटा येतोच की, फॉलबॅक कशाला लागतोय?"

लागतो, आणि वाटतं त्यापेक्षा खूप जास्त लागतो. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून थर्ड पार्टी कुकीज (लोकांचा माग ठेवायला दुसऱ्याच साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) सरसकट अडवल्या. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनचं आयओएस १४.५ आलं आणि ॲपला ट्रॅकिंगसाठी आधी परवानगी मागावी लागू लागली. समोरच्याने आधी कोणती वस्तू पाहिली होती हेच कळलं नाही, तर शंभरातली एकही रो जुळत नाही आणि डीफॉल्ट रो दाखवली जाते. म्हणजे ही रो अडीअडचणीची नाही. तीही जाहिरातच आहे, तिच्यावरही पैसे खर्च होतात.

डीफॉल्ट रो नावापुरती भरणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तिची किंमत मी स्वतः मोजली आहे. प्रवासाच्या तिकिटांचं एक कॅम्पेन होतं. शहर, फोटो, भाडं, सगळं शीटमधून येत होतं. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटकडच्या कुणीतरी भाड्याच्या कॉलमचं नाव बदललं. आमचा कोड जुन्या नावाने भाडं शोधत होता. ते सापडेना, म्हणून त्याने नियमाप्रमाणे डीफॉल्ट रो उचलली. त्या रोमध्ये करड्या चौकोनाचा फोटो होता, वर "हेडलाइन इथे" असं लिहिलेलं होतं आणि लिंक पासवर्ड मागणाऱ्या टेस्ट पेजची होती. सोमवारी सकाळी क्लायंटकडून स्क्रीनशॉट आला, तोवर अडीच दिवस हेच चालू होतं.

आम्हाला कळलं कसं नाही? रिपोर्टमध्ये इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दाखवली गेली तो आकडा) येत होते, क्लिकही येत होते. आकडे बघून कुणालाच शंका आली नाही. त्याहून वाईट पुढे झालं. क्लायंटने विचारलं, "हे किती लोकांनी पाहिलं?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. डीफॉल्ट रो पहिल्या रोवरून कॉपी करून वरवर बदललेली, त्यामुळे रिपोर्टिंग लेबल (रिपोर्टमध्ये रो ज्या नावाने दिसते ते) पहिल्या रोचंच राहिलं होतं. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळले होते, ते वेगळे करायचा मार्गच उरला नव्हता.

तेव्हापासून मी फीडमध्ये डीफॉल्ट रो सगळ्यात आधी लिहिते, बाकीच्या रो नंतर. तिच्यात पूर्ण हेडलाइन, ब्रँडचा चांगला फोटो आणि मुख्य पेजची लिंक असते. भाडं, तारीख, शहर, ऑफर यातलं काहीही नाही. लेबल वेगळं आणि ओळखू येईल असं. कॅम्पेन चालू असताना सकाळी पहिल्यांदा त्या लेबलचा आकडा बघते. तो एकदम चढला की आधी फीड उघडते, बाकीचं नंतर.

आणि हो, डीफॉल्ट रोला शेवटची तारीख टाकू नका. इतर रोंबरोबर तीही संपली की दाखवायला काहीच उरत नाही.

बॅकअप इमेज आणि डीफॉल्ट रो एकच समजणं

डेटा जुळला नाही की डीफॉल्ट रो येते, पण बॅनर तेव्हाही चालूच असतो. बॅनरच चालू शकला नाही, जावास्क्रिप्ट बंद आहे किंवा ब्राउझरला तो झेपत नाही, तेव्हा बॅकअप इमेज येते. ती सपाट चित्र असते, फीडशी तिचा काही संबंध नसतो. फ्लॅशच्या (बॅनरचं ॲनिमेशन ज्यावर चालायचं त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) काळात हे शिकवावं लागत नव्हतं, कारण आयफोनवर फ्लॅश कधीच चाललं नाही आणि तिथे बॅकअप इमेज हीच जाहिरात होती. २०२० संपताना फ्लॅश बंद झालं आणि लोकांनी बॅकअपचा विचारही त्याच्याबरोबर सोडून दिला. आता बॅनरच्या पहिल्याच फ्रेमचा स्क्रीनशॉट बॅकअप म्हणून चढवतात. त्यात गेल्या महिन्याची ऑफर तशीच राहते. बॅकअप इमेज प्रत्येक साइझसाठी वेगळी बनवा, तिच्यावर बदलणारं काहीही लिहू नका आणि तिची लिंकही क्लिक करून बघा.

अर्धा माल इकडचा, अर्धा तिकडचा

फोटो नाही आला तर डीफॉल्ट फोटो, नाव नाही आलं तर डीफॉल्ट नाव, असा एकेका फील्डचा फॉलबॅक कोडमध्ये लिहायला सोपा असतो. पण त्याने काय दिसतं ते बघा. फोटो बॅगेचा, खाली नाव "रनिंग शूज" आणि किमतीच्या जागी "अनडिफाईन्ड", म्हणजे किंमत सापडली नाही की कोड छापतो तो शब्द. असली जाहिरात रिकाम्या चौकोनापेक्षा वाईट, कारण ती खोटं सांगते. माझा नियम कडक आहे: फोटो, नाव, किंमत, लिंक यातलं एक जरी गायब असेल तर अख्खी रो सोडायची आणि पूर्ण डीफॉल्ट दाखवायची.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. फोटोची लिंक भरलेली असते पण फाइलच जागेवर नसते, म्हणून फोटो लोड झाल्याची खात्री करूनच बॅनर दाखवा. ३०० × २५० पिक्सेलच्या बॅनरमध्ये बसलेली हेडलाइन ३२० × ५० मध्ये कापली जाते. डेव्हलपरने स्वतःच्या मशीनवर घातलेला नमुना डेटा लाइव्ह फाइलमध्ये तसाच राहतो. ऑफरची वेळ कुठल्या टाइमझोनची आहे ते कुणी विचारतच नाही.

प्रिव्ह्यूमध्ये छान दिसतंय म्हणून हिरवा कंदील दाखवणाऱ्यांशी माझं पटत नाही. प्रिव्ह्यूमध्ये सगळा डेटा हजर असतो, तिथे फॉलबॅक दिसणारच नाही. तो बघायचा तर मुद्दाम मोडतोड करावी लागते. मी शीटची एक प्रत घेते आणि एकेक गोष्ट बिघडवत जाते: किंमत पुसते, फोटोच्या नावातलं एक अक्षर बदलते, कॉलमचं शीर्षक बदलते, सगळ्या रोंची तारीख मागची करते, शेवटी ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट बंद करते. याला अर्धा दिवस जातो. प्रत्येक वेळी जे दिसलं त्याचा स्क्रीनशॉट क्लायंटला पाठवते आणि "हे असं दिसलं तर चालेल ना?" याचं लेखी उत्तर हातात आल्यावरच कॅम्पेन चालू करते.