पाइनची रोपं पिवळी पडली तेव्हा

पाइनच्या रोपांच्या सुया पिवळ्या पडू लागल्या तेव्हा मी आधी पाणी वाढवलं. ती चूकच होती. मग एक रोप हातात घेऊन नीट पाहिलं. शेंड्याच्या सुया बऱ्यापैकी हिरव्या होत्या, पण खालच्या जुन्या सुया फिकट, आखूड राहिलेल्या. तिथेच उलगडा झाला. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्या शेंड्याला देतं. लोह कमी असतं तर उलट, शेंडाच आधी पिवळा पडला असता.

पण नत्र गेलं कुठे? माती भुसभुशीत व्हावी म्हणून मी लाकडाचा ताजा भुसा तिच्यात मिसळला होता. भुशात कार्बन भरपूर, नत्र नाममात्र. तो कुजवणारे सूक्ष्मजीव लागणारं नत्र मातीतून ओढून घेतात, आणि रोपं उपाशी राहतात.

मिसळलेला भुसा जमेल तेवढा काढला, उरलेला वरून आच्छादन म्हणून पसरला. वर राहिला तर तो फारसं नत्र खात नाही. शिवाय अमोनियम सल्फेट हे नत्राचं खत दिलं, पाण्यात अगदी पातळ करून, थोड्या थोड्या हप्त्यांनी. पाइनसारख्या बहुतेक सूचिपर्णी झाडांना नत्र नायट्रेटपेक्षा अमोनियमच्या रूपात मानवतं. हात मात्र आखडताच ठेवला: जास्त नत्राने शेंडा फोफावतो, मुळं मागे राहतात, मुळांना साथ देणारी बुरशीही कमी होते. वाढीचा हंगाम संपत आल्यावर खत बंदच केलं, नाहीतर कोवळी फूट थंडीत करपते.

जुन्या सुया गळल्या. नवी फूट मात्र गर्द हिरवी आली, सुयाही लांब.