कॅम्पर व्हॅन: उभ्या गाडीची निगा

चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर बिघडते. कॅम्पर व्हॅन (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) तर बहुतेकांची वर्षातले कितीतरी महिने उभीच असते. मग निघायच्या आदल्या रात्री ऑइल बघायचं, हवा भरायची आणि झालं! इंजिनाची काळजी कुठलाही बरा मेकॅनिक घेईल. व्हॅनची वाट लावतं ते पाणी, आणि ते वरून येतं. आमच्याकडे गाडी नवरा चालवतो आणि शिडीवर मी चढते, त्यामुळे माझी सुरुवात छतापासूनच होते.

पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा छत बघायचं. आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कारण धुळीखाली भेगा दिसत नाहीत. मग व्हेंट (हवा खेळायचा झरोका), काचेची खिडकी, सोलर पॅनेलचे पाय आणि वायर आत शिरते ती जागा, या सगळ्यांभोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, अंगठ्याने दाबत जा. चांगलं सीलंट रबरासारखं दबून परत वर येतं. कड नखाने उचलली गेली की त्याचे दिवस भरले. जुन्यावर नवीन फासू नका. प्लॅस्टिकच्या पट्टीने जुनं खरवडून काढा (लोखंडी पातं रंग ओरबाडतं आणि तिथूनच गंज धरतो), आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा, कोरडी होऊ द्या आणि मगच नवीन लावा. पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचं घ्या. बाथरूमचं सिलिकॉन घरात राहू द्या; ते एकदा लागलं की नंतर त्या जागेवर दुसरं काही धड चिकटत नाही.

आतून वरच्या कपाटांचे कोपरे हाताने दाबून बघा. प्लाय मऊ लागला किंवा कुबट वास आला तर पाणी मुरलंय. डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असं नाही. पाणी पत्र्याच्या बरगडीवरून घरंगळत भलतीकडे जाऊन ठिबकतं. शोधायला दोघं लागतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने हलकी धार सोडायची. धार खालच्या जोडापासून सुरू करायची आणि प्रत्येक जोडावर काही मिनिटं थांबत वर न्यायची. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम भिजतं आणि कुठला जोड फितूर झालाय ते कळत नाही. प्रेशर वॉशर अजिबात नको, तो चांगल्या सीलमधूनही पाणी आत घुसवतो.

टायरच्या बाबतीत नक्षी बघून फसू नका. व्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारा कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. 3519 म्हणजे 2019 सालचा 35वा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली की दरवर्षी टायरवाल्याकडून तपासून घ्या. दहा वर्षं झालेला टायर कितीही देखणा असला तरी काढून टाका. स्टेपनीचंही वय बघा, ती बिचारी कुणाच्या लक्षातच नसते. हवा टायर थंड असतानाच मोजायची, आणि किती भरायची ते वजनावर ठरतं. म्हणून एकदा सगळं सामान, पाणी, माणसं घेऊन गाडी वजनकाट्यावर न्या, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी काठोकाठ भरून निघणं म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस जास्तीचा बसवणं.

उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं घरघरवून बंद करणारे पुष्कळ भेटतात. त्यापेक्षा हात न लावलेला बरा. तेवढ्या वेळात इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचून राहतं, आणि स्टार्टरने खाल्लेला करंटही बॅटरीत परत जात नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा. ब्रेकच्या डिस्कवरचा गंज निघतो, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला बदलायचं. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं, ते दोन वर्षांनी.

आतले दिवे, फ्रिज, पंप चालवणारी बॅटरी लेड-ॲसिड असेल तर व्होल्ट मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. चार्जिंग आणि बॅटरीवर चालणारं सगळं बंद ठेवून काही तासांनी मोजा: 12.7 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. अर्ध्याच्या खाली तशीच पडू दिलीत तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचं उलटं आहे. ती ठेवून देताना अर्ध्याच्या थोडी वर असावी, शून्य अंशाखाली चार्ज करू नये, आणि व्होल्टवरून तिचा अंदाज घेऊ नये, कारण बराच काळ आकडा हलतच नाही. तिला शंट लावलेला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर हवा. हादऱ्यांनी वायरांचे जोड ढिले होतात. फ्रिज आणि पंप थोडा वेळ चालवा, मेन स्विच बंद करा आणि लगेच फ्यूज होल्डरना बोट लावून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर तोच ढिला.

पाण्याच्या टाकीला वास येत असेल तर 60 लिटर पाण्यात साधारण 60 मिली बिनवासाचं साधं ब्लीच (पाच टक्क्यांचं) टाका, प्रत्येक नळातून ते पाणी येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत धुऊन काढा. गाडी ठेवून द्यायची असेल तर टाकी, पंप, गीझर सगळं रिकामं करा. थंडीत गोठलेलं पाणी पाइप फोडतं.

गॅसच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. सिलिंडर उघडा, शेगडी बंद ठेवा आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले की सिलिंडर बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तिचा अलार्म जमिनीलगत लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो झोपायच्या जागेजवळ. दोन्हींवर एक्स्पायरीची तारीख छापलेली असते, ती वाचा. टेस्टचं बटण दाबल्यावर भोंगा वाजतो, पण त्यातला सेन्सर जिवंत आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. रबरी नळी वाकवून भेगा बघा. शेगडीची ज्योत पिवळी पडत असेल तर बर्नर साफ केल्याशिवाय चहासुद्धा नको.

चाकं काढून बसवली असतील तर 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर थांबून नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) पुन्हा तपासायचे. किती टॉर्क लावायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. त्यासाठी पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नसते.