जुन्या मित्राच्या नजरेने आपले काम कसे पाहावे

रोजच्या कामातील स्वतःची प्रगती आपल्याला सहसा दिसत नाही, कारण कालच्या आणि आजच्या हातात पडलेला फरक तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. ज्याने आपले वीस वर्षांपूर्वीचे काम पाहिले आहे आणि मधली वर्षे पाहिलेली नाहीत, अशा मित्राला मात्र तो फरक एकदम जाणवतो. म्हणून चित्रे काढणाऱ्याने, मूर्ती घडवणाऱ्याने, भजनात गाणाऱ्याने किंवा लिहिणाऱ्याने जुन्या मित्राची भेट थोड्या तयारीनिशी घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

कोकणात आधी वेळ नीट निवडावी लागते. चाकरमानी चवथीला आणि शिमग्याला गावी येतात खरे, परंतु चवथीच्या पहिल्या दोन दिवसांत पूजा, नैवेद्य, पाहुणे आणि रात्रीची घरोघरची भजने यांतून कोणालाच उसंत मिळत नाही. त्यामुळे चवथीच्या चार दिवस आधी किंवा गौरी-विसर्जनानंतर भेटणे चांगले. मित्र मासेमारीत असेल, तर १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तो जाळी दुरुस्त करीत घरी सापडतो. शक्यतो दोघांनीच भेटावे. घोळक्यात शाळेतल्या त्याच त्या गोष्टी पुन्हा रंगतात आणि कामाचा विषय मागे पडतो.

भेटीला जाताना जुने काम बरोबर न्यावे. आमच्याकडच्या दमट हवेत आणि वाळवीच्या तावडीतून कागद क्वचितच वाचतात, पण एखादी वही किंवा चित्र पेटीच्या तळाशी सापडतेच. ते आधी दाखवावे, नवीन काम नंतर, आणि दोन्ही वेळा आपण गप्प राहावे. आपणच समजावून सांगू लागलो की मित्र आपल्या बोलण्याला मान डोलावतो आणि त्याला स्वतःला काय दिसले ते कळत नाही.

त्याहूनही उत्तम म्हणजे आपण काम करीत असताना त्याला शेजारी बसवावे. मी कुडाळ तालुक्यातल्या एका गणपतीच्या शाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्याच्या जागी, रंगकाम करतो. लहानपणी माझ्याबरोबर तिथे शाडूची माती मळणारा मित्र एका वर्षी चवथीच्या तीन दिवस आधी आला, तेव्हा मी डोळ्यांची आखणी करीत होतो. डाव्या मुठीवर उजवे मनगट टेकवून मी वरच्या पापणीची रेघ ओढली. ती शेवटाला जाड झाली, म्हणून ओल्या फडक्याच्या टोकाने पुसून पुन्हा ओढली. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पूर्वी रेघ चुकली की तू ब्रश टाकून पडवीत जाऊन बसायचास.’ माझा हात बसला आहे हे मला ठाऊक होते. माझा राग गेला आहे, हे मात्र त्याने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

‘कसे झाले आहे?’ असे विचारू नये. मित्र प्रेमाने ‘छान’ म्हणेल आणि बोलणे तिथेच संपेल. पूर्वी मी काय करीत असे जे आता करीत नाही, असे विचारावे. त्यानंतर पूर्वीच्या कामातले आता काय हरवले आहे, हेही विचारावे. हा दुसरा प्रश्न जड जातो, पण तो टाळू नये. माझ्या मित्राने सांगितले की माझ्या आताच्या मूर्ती सफाईदार आहेत, परंतु सगळ्यांची नजर एकसारखी आहे. पूर्वीच्या ओबडधोबड मूर्तींत प्रत्येकीची नजर वेगळी असे. मला ते लागले आणि पटलेही. त्या वर्षीपासून मी दर मूर्तीपुढे क्षणभर बसतो आणि मगच ब्रश उचलतो. असे शब्द त्याच रात्री, त्याच्याच भाषेत, तारखेसह लिहून ठेवावेत, कारण आठवडाभरात आपण ते आपल्या सोयीने बदलून टाकतो.

पगार, घराचे बांधकाम आणि मुलांचे गुण हे विषय या भेटीत काढू नयेत.

त्याच्यात झालेला बदलही आपण तितक्याच नेमकेपणाने सांगावा. माझ्या मित्राने मुंबईला गेल्यावर ब्रश सोडला होता, तरी पीतांबराचा पिवळा किंचित हिरवट झाला आहे हे त्याने दारातूनच ओळखले, आणि ते मी त्याला बोलून दाखवले. मग शेजारच्या मूर्तीचा उंदीर त्याच्यापुढे सरकवून बारीक ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने डावी मूठ पाटावर टेकवली आणि उंदराचे डोळे आखायला घेतले.